बाद झालेल्या मुलाने बाहेर बसू नये

प्राथमिक वर्गासाठी सांघिक खेळ निवडताना तुम्ही सर्वप्रथम हे पाहावे की, एका वेळी किती मुले प्रत्यक्ष धावत आहेत आणि किती नुसती उभी आहेत. बाद झालेल्याने बाहेर बसण्याचा नियम मला या वयासाठी अयोग्यच वाटतो, कारण ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज असते तीच मुले बहुधा सर्वांत आधी बाहेर जातात. त्याऐवजी त्यांनी कडेला ५ उड्या मारून परत यावे किंवा समोरच्या संघात सामील व्हावे. ३० मुलांचे दोन मोठे संघ करण्यापेक्षा ४-५ जणांचे छोटे संघ करावेत आणि मऊ चेंडूही अधिक द्यावेत. रिले शर्यतीतही रांगा आखूडच ठेवाव्यात. संघनायकांना मात्र खेळाडू निवडायला कधीही सांगू नये. शेवटी उरलेल्या मुलाच्या ते मनाला फार लागते, म्हणून संघ तुम्हीच पाडावेत.