'मला साक्ष देता येत नाही'

चर्चला जाणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती झोप, नवरा, सासू किंवा मुलांचा मोबाइल यांपैकी कशासाठी तरी. विश्वासाचा विषय बराच उशिरा निघतो, आणि तोही पर्स उचलून उठता उठता. "बाकी काही नाही हो, पण चारचौघांत येशूविषयी बोलायची वेळ आली की तोंडातून शब्दच फुटत नाही. आमचे पास्टर म्हणतात, जो सांगत नाही त्याचा विश्वासच कच्चा. मग माझं काय?" इंदुरात ही काळजी मी अनेकांकडून ऐकली आहे. त्यातली एक हकीकत, परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, इथे लिहिते. खोटं नाव द्यायचं जिवावर येतं. मी त्यांना ताई म्हणायची, इथेही ताईच म्हणते.

ताईंचं माहेर नगरचं, सासर इंदूरचं. वय पन्नाशीच्या अलीकडे, विमा कार्यालयात नोकरी. घरात मराठी, ऑफिसात आणि चर्चमध्ये हिंदी. सासरे इथल्या क्रिश्चन कॉलेजात शिकलेले. (1887 सालचं कॉलेज. किशोरकुमार तिथलेच, हे सांगितल्याशिवाय इंदूरकराला राहवत नाही.) कॅनडाचे प्रेसबिटेरियन मिशनरी 1877 मध्ये इंदुरात आले, त्यांच्या परंपरेतल्या जुन्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) या घराच्या तीन पिढ्या वाढल्या. 2021 च्या एप्रिलमध्ये ताईंचे यजमान करोनात गेले. पुढे मुलगा एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या धाटणीच्या मंडळीत, गिटार वाजवू लागला आणि त्याच्या पाठोपाठ ताईही तिकडे जाऊ लागल्या. भाड्याचा हॉल, प्रोजेक्टर, वर्शिप टीम, बुधवारी सेल ग्रुप म्हणजे छोट्या गटाची बैठक, दिवसभर वाजणारा व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यांना ते आवडलं होतं, हे आधीच सांगते. "जुन्या चर्चमध्ये माझ्याकडे बघून सगळ्यांचे चेहरे पडायचे. इथे पोरं आंटी आंटी करत खुर्ची आणून देतात."

मग शनिवारी रात्री छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी झाला, थायरॉइड तपासून झालं, रिपोर्ट सगळे ठीक. दर वेळी शनिवारच का, हे डॉक्टरांनीच विचारलं आणि माझ्याकडे पाठवलं.

ताईंनी पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पोस्टकार्डाहून लहान, गुळगुळीत, कोपऱ्यात कबुतर. वर हिंदीत लिहिलेलं, 'इस महीने मैंने इन्हें यीशु के बारे में बताया', आणि खाली पाच रिकाम्या ओळी. पहिल्या ओळीवर एक नाव लिहून खोडलेलं होतं, इतकं गिरवून खोडलेलं की कार्ड मागून उमटलं होतं.

"शेजारच्या टेबलावरच्या वहिनींचं नाव. लिहून टाकलं, मग म्हटलं, मी तर त्यांना काहीच सांगितलं नाही. देवाच्या घरात खोटं कसं लिहू?"

महिन्याच्या शेवटच्या रविवारी कार्डं जमा व्हायची आणि ज्याने भरलं त्याच्या नावापुढे फलकावर चांदणी लागायची. मुलाच्या नावापुढे चांदण्यांची रांग होती. ताईंच्या नावापुढे एकही नाही. मोठ्या माणसांना चांदण्या वाटणं हा प्रकार मला मुळातच पटत नाही, पण माझ्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या मंडळीवर ताशेरे मारल्याने समोरच्या बाईची धडधड थांबत नाही. मी म्हटलं, "समजा, मीच वहिनी आहे. काय सांगाल?"

ताई सावरून बसल्या आणि पाठ केल्यासारखं बोलू लागल्या. "येशू तुमच्यावर प्रीती करतो. त्याने माझ्या प्रार्थना..." इथे गाडी अडली. पुढचा शब्द 'ऐकल्या' हा होता. तो काही केल्या येईना.

मग एप्रिल 2021 बाहेर पडला. बेडसाठी फोन, सिलिंडरसाठी रांग, आणि जुन्या मंडळीतल्या लोकांनी मांडलेली चोवीस तासांची प्रार्थनेची साखळी. एकेकाला एकेक तास वाटून दिलेला. पहाटे तीन ते चार ताईंची स्वतःची पाळी होती. त्याच तासात हॉस्पिटलमधून फोन आला. दफनानंतर घरी आलेल्यांपैकी कोणी म्हणालं, प्रभूची इच्छा. आणखी कोणी म्हणालं, साखळी मध्ये दोन तास तुटली होती म्हणे, कोणीच नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? चहा दिला."

फेलोशिपमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, जी माणसं पुढे येत त्यांच्या गोष्टी एकाच साच्यातल्या असत. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, मग टाळ्या. नोकरी लागली, गाठ विरघळली, व्हिसा आला. या गोष्टी खोट्या असतात असं मी म्हणत नाही. पण ज्याचं संकट सुटलंच नाही त्याच्यासाठी त्या माइकजवळ जागा नसते. ताईंपुढे दोनच वाटा होत्या, गोष्टीचा शेवट बदलून सांगायचा किंवा गप्प राहायचं. त्या गप्प राहिल्या आणि त्या गप्प राहण्यालाच त्यांनी अविश्वास असं नाव दिलं. मला विचाराल तर, ज्या बाईला कार्डावर एक खोटं नाव लिहिता येत नाही तिच्या विश्वासाची काळजी करायचं कारण नव्हतं. काळजी होती ती तिच्या दुःखाची, त्याला कोणी बसायलाही सांगितलं नव्हतं.

मी समुपदेशनात प्रवचन करत नाही. पण समोरचं माणूस पवित्र शास्त्राच्या, बायबलच्या भाषेत विचार करत असेल तर ती भाषा टाळणं हा शहाणपणा नव्हे. मी त्यांना 88 वं स्तोत्र घरी मोठ्याने वाचायला सांगितलं. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रं पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांत शेवटी सूर बदलतो, भरवसा परत येतो. 88 व्यात तो येत नाही. देवाला हाक मारत सुरू झालेलं स्तोत्र अंधारावरच संपतं, आणि तरी ते उपासनेच्या ग्रंथात आहे, कोणी गाळलेलं नाही. दुसरं काम दिलं वहीचं. आज, या क्षणी जे खरं वाटतं तेवढंच लिहायचं. 'वाटलं पाहिजे' असं काहीही लिहायचं नाही.

पुढच्या वेळी वहीत तीन ओळी होत्या. देव आहे. मी त्याच्यावर रागावले आहे. रात्री झोप लागली नाही की त्याच्याशीच बोलते.

"एवढंच निघालं," त्या ओशाळून म्हणाल्या. मी त्यांना मार्कच्या शुभवर्तमानाच्या 9 व्या अध्यायातला तो बाप आठवून दिला, आजारी मुलाला घेऊन आलेला. माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवायला मदत करा, असं येशूला एका दमात म्हणणारा. येशूने त्याला परत पाठवलेलं नाही, त्याचा मुलगा बरा झाला. "त्याचा बरा झाला," ताई लगेच म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. मी वाद घातला नाही.

त्यांना आणखी एक भीती होती आणि ती निव्वळ मनाची नव्हती. ऑफिसात काही बोललं आणि कोणी तक्रार केली तर? आपल्याकडे मध्य प्रदेशात 1968 पासून धर्मांतराचा कायदा आहे, 2021 मध्ये त्याच्या जागी नवा, जास्त कडक आला. जबरदस्ती, आमिष, फसवणूक करून धर्मांतर हा गुन्हा. स्वेच्छेने धर्म बदलायचा तरी जिल्हाधिकाऱ्यांना 60 दिवस आधी कळवण्याची तरतूद त्यात आहे, आणि विधी करणाऱ्यानेही कळवायचं आहे. राज्यघटनेचं 25 वं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटलं. तो खटलाही मध्य प्रदेशातूनच गेलेला. मी वकील नाही, एवढंच सांगते की असल्या हवेत नोकरदार बाईने जपून बोलणं याला भित्रेपणा म्हणू नये. आणि अडलेल्या माणसाला मदत करताना तिला प्रार्थनेची अट जोडणं हे कायदा नसता तरी वाईटच.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, 3 ऱ्या अध्यायात, आपल्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि सौम्यपणे द्या, असं सांगितलं आहे. मार्कच्या 5 व्या अध्यायात बरा झालेला माणूस येशूबरोबर यायला निघतो, त्याला येशू घरी, आपल्या माणसांकडे जाऊन सांगायला लावतो. (मत्तय 28 ची, 'सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा' या आज्ञेची, आठवण करून देणारे फोन येणार, ठाऊक आहे. ती आज्ञा मी नाकारत नाही. तिच्याखाली पाच रिकाम्या ओळींचं कार्ड मला काही सापडलेलं नाही.)

आपली माणसं म्हणजे इथे मुलगा. मी त्याला बोलावलं. बाविशीतला पोरगा, बोटांच्या टोकांना तारांनी घट्टे पडलेले, तेच सोलत बसला.

"तुझ्या प्रत्येक रीलमध्ये तू म्हणतोस, प्रभूने आमचं घर सांभाळलं," ताई म्हणाल्या. "मला नाही रे ऐकवत ते."

"मग काय म्हणू? बाबा गेले म्हणू?"

"म्हण की."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो माझ्याकडे बघत, आईकडे न बघता म्हणाला, "साखळी तुटली होती ना, त्यातला एक तास माझा होता. मला झोप लागली होती."

इतकी वर्षं तो हे घेऊन हिंडत होता. चांदण्यांची ती रांग कशाची भरपाई होती हे मला तेव्हा कळलं. ताईंनी त्याचा हात ओढून घेतला आणि जवळजवळ चिडून म्हणाल्या, "अरे, मी जागी होते. गुडघ्यावर होते. माझ्या तासात गेले ते!"

मी काही बोलले नाही. साखळी आणि मृत्यू यांचा संबंध मी दहा वेळा समजावून तोडला असता तरी तो असा तुटला नसता. पोरगा आधी हसल्यासारखं काहीतरी करायला गेला आणि मग ओक्साबोक्शी रडला.

पास्टरांना मी ताईंच्या संमतीने भेटले. तरुण माणूस, मनाचा चांगला, बाहेरच्या शहरातून आलेला आणि वरच्यांना दर तिमाहीला आकडे द्यायला बांधलेला. "मॅडम, टार्गेट नसेल तर लोक बसून राहतात," म्हणाले. मी त्यांना टिळकांची गोष्ट सांगितली, त्यांना नारायण वामन टिळक ठाऊक नव्हते. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने दिलेल्या नव्या करारापासून सुरुवात झाली, पुढे वाचन, शंका, पत्रव्यवहार, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या चालीने. ज्यांची भजनं आजही मराठी मंडळ्या गातात त्या कवीला स्वतःच्या घरात पाच वर्षं थांबावं लागलं, आणि तुम्ही महिन्याला पाच मागता. ते हसले, मोबाइलमध्ये नाव टिपून घेतलं. पुढच्या महिन्यात फलक उतरला. कार्डं अजून निघतात.

वहिनींचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथे ताईंनी काहीच केलं नाही. वहिनींच्या यजमानांचं डायलिसिस सुरू झालं होतं. एकदा डबा खाताना त्यांनीच विचारलं, "ताई, तुमच्याकडे एवढ्या प्रार्थना झाल्या, तरी असं झालं. मग तुम्ही अजून चर्चला कशा जाता हो?" ताईंनी सगळं सांगितलं. साखळी, तीन ते चार, चहा, आणि वहीतल्या तीन ओळी जशाच्या तशा. वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे महामृत्युंजयाचा जप चाललाय, मी तर मोजायचंच सोडून दिलं. मग विचारलं, आमच्यासाठी कराल का प्रार्थना? ताईंनी तिथेच, पोळीचा घास हातात, डोळे उघडे ठेवून मनातल्या मनात केली. त्या महिन्याच्या कार्डावर त्यांनी हे नाव लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "ते आमचं दोघींचं आहे."

शनिवारची धडधड कमी झाली, पूर्ण गेली नाही. एप्रिलात वाढते. ताई आता फेलोशिपमध्ये मयताच्या घरी जाणाऱ्या गटात आहेत. भाकरी-भाजी नेतात, मृत्यूचा दाखला आणि विम्याचे फॉर्म भरून देतात, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. बरोबरच्या नव्या पोरांना त्यांनी बजावून ठेवलंय की तिथे 'प्रभूची इच्छा' हे शब्द काढायचे नाहीत. पास्टरांचं म्हणणं, जाताना निदान पत्रकं तरी न्या. ताई म्हणतात, डबा नेला की हात रिकामा राहत नाही. यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.