पाश्चात्त्य आरपीजी (रोल-प्लेइंग, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन त्याला घडवत जाण्याच्या) गेममधली नियमांची खोली खरंच कमी होत गेली आहे का?

हो, ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत तर ती मोजून दाखवता येते. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) २७ कौशल्यं होती, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) २१, ‘स्कायरिम’मध्ये (२०११) १८. ताकद, चपळाई, नशीब वगैरे आठ मूलभूत गुण स्कायरिममध्ये उरलेच नाहीत; लेव्हल वाढली की आरोग्य, जादू किंवा दम यांपैकी एक वाढवायचं आणि एक पर्क (खास क्षमता) घ्यायचा.

मला आकड्यांपेक्षा जास्त खटकतं ते नियमांची एकमेकांतली गुंफण सुटली, हे. मॉरोविंडमध्ये वार लागणार की नाही, हे शस्त्राचं कौशल्य, चपळाई, नशीब आणि उरलेला दम मिळून ठरवतात. पळत शत्रूपर्यंत गेलात की दम संपलेला, मग तलवार अंगाला भिडलेली दिसूनही वार फुकट. नवखे नेमके इथेच वैतागतात. शेवटचं अंतर चालत जा, आणि सुरुवातीला ज्या शस्त्राचं कौशल्य सर्वांत जास्त तेच हातात ठेवा.

स्वतः मंत्र घडवायची सोय ऑब्लिव्हियनपर्यंत टिकली, स्कायरिममध्ये गेली. हवेत तरंगणं त्याआधीच गेलं, कारण ऑब्लिव्हियनची शहरं तटाआड वेगळी लोड होतात, त्यामुळे तटावरून तरंगत आत जाणं जमलं नसतं.

सगळीकडे मात्र असं नाही. ‘बॉल्डर्स गेट ३’ (२०२३) फाशांचे नियम उघडपणे दाखवतो, आणि तरी प्रचंड खपला.