वाचकांचे प्रश्न : घरचं बीपी आणि पहाटेची चक्कर

प्रश्न : यजमानांचं वय ७१. दवाखान्यात बीपी १६० च्या पुढे भरतं, घरच्या मशीनवर १३० ते १३५. खरं कोणतं धरायचं? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : बहुतेक वेळा घरचं, पण नीट मोजलेलं असेल तर. जिना चढून, नंबर लागेपर्यंत ताटकळून डॉक्टरांसमोर बसलं की अनेकांचं बीपी चढतं. घरी चुका होतात त्याही ठरलेल्या : शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधणं, हात लोंबता ठेवणं, मोजताना बातम्यांवर शेरे मारणं. या सगळ्यांनी आकडा वरच जातो. पट्टा दंडाला लहान पडत असला तरी तेच. दंडाचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहा. मनगटावर बांधायचं मशीन शक्यतो घेऊच नका.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा, तंबाखू आणि गोळीच्या आधी मोजायचं. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. आवडेल तो नव्हे! संध्याकाळी पुन्हा. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी १३५/८५ किंवा वर आली, तर बीपी जास्त आहे. वही आणि मशीन दोन्ही घेऊन दवाखान्यात जा. नाडी अनियमित असेल तर असं मशीन चकतं, तेही विचारून घ्या.

आणखी एक. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात बीपी चढतं आणि एप्रिलच्या उन्हात उतरतं. थंडीत वाढवलेली गोळी उन्हाळ्यात जड होऊ शकते, म्हणून होळीनंतर हा आठवडा पुन्हा मोजावा.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. पहाटे लघवीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. बसून मोजलं तर बीपी १४०. गोळी बंद करू का? – एक वाचक, सिडको

उत्तर : परस्पर बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळतं, छातीत दुखू लागतं. बसून मोजलेल्या बीपीवरून ही तक्रार कळत नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. पडतील म्हणून कोणीतरी शेजारी धरून उभं राहावं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना रक्तदाब पडतोय.

प्रोस्टेटची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, जुना मधुमेह, पाणी कमी पिणं ही नेहमीची कारणं. प्रोस्टेटची गोळी सहसा दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली असते, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत घालून न्या. तोवर उठताना आधी पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, घोटे वर-खाली हलवायचे, मग उभं राहायचं. रात्री पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला किंवा शौच काळं झालं, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

प्रश्न : गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेतली तर? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. पायांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पॅरासिटामॉल किती घ्यायची ते विचारून घ्या, गुडघ्याला वरून लावायचं मलम चालेल का तेही.