नळावरचं भूत आणि तात्या विंचू

प्रश्न : ताई, मी लालबागला राहतो, वय २४. मित्रांना घेऊन १२ मिनिटांची फिल्म केली. पहाटे चाळीच्या नळावर भूत रांगेत उभं राहतं, अशी गोष्ट. दाखवली तेव्हा कुणी घाबरलं नाही आणि हसलंही नाही. सगळे म्हणतात, 'भयपट कर नाहीतर विनोदी कर, एक काहीतरी धर.' दोन्ही एकत्र करून या धंद्यात कुणी टिकतं का?

उत्तर : टिकतं. महेश कोठारे यांचंच बघ. १९८५ चा 'धुमधडाका' निखळ विनोदी. मग भीती आणि हसू एकत्र करणारे सिनेमे : १९९३ ला 'झपाटलेला', २००४ ला 'पछाडलेला', २०१३ ला 'झपाटलेला २', तोही थ्रीडी. म्हणजे 'झपाटलेला'च्या आधी आठ वर्षं हसवण्यावर हात बसलेला होता.

'झपाटलेला' मी गणपतीत पाहिला, परळला आमच्या गल्लीत पडदा बांधला होता तेव्हा. पुढे जागा नव्हती म्हणून आजीसोबत पडद्यामागे बसले, अक्षरं उलटी दिसत होती. पोट धरधरून हसलो. आणि घरी आल्यावर धाकट्या बहिणीची बाहुली मी कपाटावर टाकली, तोंड भिंतीकडे करून. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत ती तिथेच होती.

असं का झालं, ते संकलनाच्या टेबलावर बसायला लागल्यावर कळलं. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आपल्याला हसवायला आलेलाच नाही. त्या बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचू या गुंडाला लक्ष्याचं शरीर हवंय, खरोखर हवंय. लक्ष्मीकांत बेर्डेही घाबरल्याचं सोंग करत नाहीत, लक्ष्याची खरीच पाचावर धारण बसते. त्यात तो स्वतः बोलक्या बाहुल्यांच्या नादातला. बाहुला आपणहून बोलतो म्हणून त्याने सांगितलं तर ऐकणार कोण? भीती त्यातूनच येते आणि हसूही त्यातूनच.

तुझी फिल्म मी तीनदा पाहिली. भूत रांगेत येतं तेव्हा तुझा नायक हसू दाबतोय, मागे गमतीचं संगीत. भूत खोटं आहे हे त्यालाच ठाऊक, मग आम्ही कशाला घाबरू? ते संगीत काढ. नुसता नळाचा आवाज ठेव. बादली भरत आली की तो बदलतो ना, तो!

काकू मागे वळून न बघता भुताला विचारतात, 'नंबर लावलाय का?' काय झकास वाक्य आहे! पण तू चेहरा त्याच्या आधीच दाखवून टाकलास. आधी वाक्य, मग ४८ फ्रेम काहीही नाही, म्हणजे पूर्ण दोन सेकंद, आणि मग चेहरा. टेबलावर ते दोन सेकंद फार लांब वाटतील, हात शिवशिवेल. कापू नकोस.

नोकरी असेल तर इतक्यात सोडू नकोस. नवीन कट मला पाठव. आणि या वेळी मित्रांना नको, पहाटे पाण्याच्या रांगेत ज्यांची उभी हयात गेली त्या चाळीतल्या बायकांना दाखव.