किलोमीटर वाचव, मुक्काम नको

प्रिय बाळा,

तुझा कार्यक्रम वाचला. नऊ दिवस, चौघं जण, भाड्याची एक छोटी गाडी आणि स्कॉटलंडची बेटं सात: आरन, आयला, मल, स्काय, नॉर्थ यूइस्ट, लुईस-हॅरिस, शेवटी ऑर्कनी. खाली तुझा प्रश्न: "मावशी, पैसे पुरत नाहीयेत. कुठली हॉस्टेलं काढून टाकू? दोन रात्री गाडीत झोपलो तर चालेल का?"

नाही चालणार. एकही हॉस्टेल काढू नकोस. बेटं काढ.

हिशेब तू उलट्या टोकाकडून धरलायस. आयलाची बोट केनाक्रेगहून सुटते आणि ऑर्कनीची स्क्रॅबस्टरहून, म्हणजे स्कॉटलंडच्या दोन टोकांहून. ही दोन बेटं काढलीस की दोन्हींचं गाडीसकट जाण्या-येण्याचं भाडं वाचलं आणि मधलं सगळं पेट्रोलही वाचलं. हॉस्टेलच्या दोन रात्री काढल्यास तर काय वाचेल? पलंगाच्या पैशात तिथे नुसता पलंग मिळत नाही. स्वयंपाकघर मिळतं, गरम पाणी मिळतं, ओले बूट आणि जाकिटं वाळवायला खोली मिळते. गाडीत झोपलेला माणूस सकाळी आखडलेली मान घेऊन उठतो आणि पहिलं कॅफे शोधतो. चौघांचा तिथला नाश्ता आणि वर दुपारचं जेवण मांडून बघ एकदा कागदावर.

शिवाय, इथे कुठेही झोपायचा हक्क आहे असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते अर्धंच खरं आहे. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या रानात नीट वागून तंबू ठोकता येतो. मोटारगाडीला तो हक्क लागू नाही. उन्हाळ्यात वारा पडला की मिजेस नावाच्या चिलटांचे थवे येतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारे पण चावून जीव नकोसा करणारे. गाडीच्या काचा उघड्या ठेवता येत नाहीत आणि बंद ठेवून चौघांना झोपता येत नाही.

म्हणून पुन्हा सांगते, किलोमीटर वाचव, मुक्काम नको.

माझं ऐकशील तर एकच सरळ रेघ धर. मुख्य भूमीवरच्या ओबान बंदरातून बारा नावाच्या बेटावर, तिथल्या कासलबे बंदराला. बोटीला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. बारावर दोन रात्री. तिथून चाळीस मिनिटांच्या छोट्या फेरीबोटीने एरिस्के, आणि पुढे साउथ यूइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ यूइस्ट, बर्नरे असं गाडीनेच जाता येतं, कारण मधल्या खाड्यांवर बांध घातलेत. बर्नरेचा 1999 चा, एरिस्केचा 2001 चा. साउथ यूइस्टवर होमोरला दोन रात्री, बर्नरेला दोन. मग हॅरिसच्या सामुद्रधुनीतून फेरीबोटीने हॅरिसवरचं लेव्हरबरा. ती फेरी खडक चुकवत, वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांमधून नागमोडी जाते, तेव्हा आत गाडीत बसून मोबाइल बघू नका, वर डेकवर जा. मग हॅरिस-लुईसवर दोन रात्री, आणि लुईसवरच्या स्टोर्नोवे बंदरातून मुख्य भूमीवर अलापूलला परत. चार फेऱ्या, बस. दक्षिण टोकाच्या व्हॅटर्सेपासून लुईसच्या उत्तर टोकापर्यंत सायकलवाल्यांचा मार्ग आहे, तो 185 मैलांचा, म्हणजे तीनशे किलोमीटरही भरत नाही. नऊ दिवसांना एवढं पुष्कळ आहे रे!

तू म्हणशील, स्काय नाही? स्काय नाही. 1995 ला पूल झाल्यापासून तिथे ग्लासगोहून कधीही गाडी घालून जाता येतं. पुढच्या वर्षी जा, आणि तेव्हाही दोन रात्री राहा. माझी जाऊ नाशिकहून आली होती, तिला एका दिवसात स्काय "करून" यायचं होतं. मी नाही म्हटलं ते नाहीच म्हटलं. आजही घरात तो विषय निघतो. निघू दे. जाऊन-येऊन दिवसभर गाडीत बसायचं, स्टॉर नावाच्या सुळक्याच्या पायथ्याशी पार्किंगची जागा शोधायची, फोटो काढायचा आणि वळायचं, याला मी प्रवास म्हणणार नाही, कोणी कितीही हट्टी म्हणो मला.

हट्ट आलाय तो कुठून, तेही सांगते. तुझे काका आणि मी पहिल्यांदा बाराला गेलो ते सुट्टीच्या मोजक्या दिवसांत. रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक आजीबाई भेटल्या. म्हणाल्या, उद्या ओहोटीला त्राय मोरच्या किनाऱ्यावर या, विमान वाळूवर उतरतं ते बघा. खरंच उतरतं, तिथलं विमानांचं वेळापत्रकच भरती-ओहोटीवर ठरतं. काकांचे डोळे चमकले. लहानपणापासून विमानांचं वेड त्यांना. पण आमची सकाळची फेरी ठरलेली, पुढचं हॉस्टेल ठरलेलं, कामावर रुजू व्हायचा दिवस ठरलेला. निघालो. पुढे त्यांचं बाराला जाणं झालंच नाही. नंतर मी एकटी गेले आणि ते विमान उतरताना पाहिलं. आता तू मला विचारतोस की मुक्काम कमी केले तर चालेल का!

पहिली रात्र नुसतं पोचण्यात जाते, बाळा. बर्नरेचं हॉस्टेल बघ. पाण्याला लागून जुनी गवताने शाकारलेली घरं, जाड दगडी भिंती, छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांना दगड बांधून खाली सोडलेले. पहिल्या रात्री तुम्ही दमून येणार, कुठली शेगडी नीट पेटते ते ठाऊक नाही, भांडी कुठे ते ठाऊक नाही. फळीवर आधीच्या प्रवाशांनी मागे ठेवलेलं मीठ, चहा, अर्ध्या पुड्यातला पास्ता असतो, त्यावर भागवता. दुसऱ्या रात्री तुम्हीच नव्या माणसाला काडेपेटी कुठे आहे ते दाखवता, तुमच्या खिचडीतला वाटा देता, आणि तो सांगतो की उद्या वारा पश्चिमेचा आहे, अमुक किनाऱ्यावर जाऊ नका, तमुकवर जा. जूनमध्ये दहा वाजून गेले तरी उजेड असतो. त्या उजेडात माखरवर, म्हणजे समुद्राकाठच्या त्या फुलांनी भरलेल्या गवताळ पट्ट्यावर, बाहेर पडायला अंगात त्राण हवं ना? ते दुसऱ्याच दिवशी असतं.

हॅरिसवर रेनिगाडेलला राहता आलं तर बघ. 1990 पर्यंत त्या वस्तीला गाडीरस्ताच नव्हता, लोक डोंगरावरच्या पायवाटेने नाहीतर बोटीने जायचे. तिथलं, होमोरचं आणि बर्नरेचं हॉस्टेल गॅटलिफ नावाचा एकच ट्रस्ट चालवतो. तिथे हॉटेलचा थाट मागू नका. चौघांनी मिळून ओटा पुसा, केर काढा, मगच निघा. गाठ रविवारशी पडेल असं आखलंस तर उत्तमच, कारण लुईस-हॅरिसवर रविवार कडक पाळतात. गावोगावची बहुतेक दुकानं बंद, स्थानिक बसही नाहीत. स्टोर्नोवेहून रविवारची पहिली फेरी सुटली तीच 2009 मध्ये. शनिवारीच दूध, पाव, पेट्रोल भरून ठेवा आणि रविवारी पायी हिंडा.

गाडीबद्दल थोडक्यात. रस्ते एकपदरी, आपल्या कोकणातल्या वाडीच्या रस्त्यांसारखे, फक्त थांबायला ठरावीक रुंद जागा केलेल्या. ती जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्या बाजूला थांबायचं. मागून कुणी घाईत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचं, तो नर्स असेल, दाई असेल, फेरी पकडणारा असेल. त्या जागेत फोटोसाठी गाडी लावायची नाही, म्हणजे नाही. आणि भाड्याची गाडी बोटीवर न्यायला परवानगी आहे का, पंचविशीच्या आतल्या चालकाला किती जास्त लावतात, हे पैसे भरण्याआधी लेखी विचार.

क्रम असा ठेव: आधी फेरी, मग पलंग, शेवटी गाडी. 2008 पासून आउटर हेब्रिडीजच्या, म्हणजे बारापासून लुईसपर्यंतच्या याच बेटांच्या, फेऱ्यांना तेवढ्याच अंतराच्या रस्त्याच्या खर्चाइतकं भाडं लावायला सुरुवात झाली, त्यामुळे भाडी उतरली आणि गाड्या वाढल्या. उन्हाळ्यात गाडीची जागा कितीतरी आधी संपते. पायी चढणाऱ्याला बहुधा मिळते. अगदीच अडलं तर बाराला गाडीशिवाय जा, सगळ्या बेटाला वळसा घालणारा रस्ता वीस-बावीस किलोमीटरचा आहे. आणि हवा बिघडून फेरी रद्द झाली तर दोन रात्रींच्या मुक्कामात ते सामावतं. रोज नवं बेट धरलंस तर एका रद्द फेरीने पुढची सगळी बुकिंगं कोसळतील आणि ते पैसे परत मिळतीलच असं नाही.

मित्र कुरकुरतील, सातवरून एवढ्यावर आलो म्हणून. त्यांना हे पत्र वाचून दाखव. ओबान-कासलबेला गाडीची जागा आहे का ते आजच बघ. नसेल तर तारीख पुढे ढकल, पण बेट वाढवू नकोस. रविवारी जेवायला ये, येताना नकाशा घेऊन ये. छोटा कुकर आणि मसाल्याचा डबा काढून ठेवते, मुगाची डाळ मात्र तुम्ही आणा.

तुझी,
मावशी