पाइन नीडल तेल घरच्या साबण-क्रीममध्ये घातलं तर चालतं का?

चालतं, पण तेल ताजं हवं. तुम्ही खानापूरला क्रीम करता आणि दोन वर्षांपूर्वीची अर्धी बाटली घरात आहे म्हणता, ती अजिबात वापरू नका. पाइन-फरच्या सुयांच्या तेलात पायनीन, लिमोनीन, कॅरीन ही वासाची द्रव्यं असतात. त्यांना हवा लागली की पेरॉक्साइडं तयार होतात, आणि त्वचेला ॲलर्जी आणतात ती मुख्यतः हीच. म्हणून युरोपच्या नियमानुसार अशा तेलांचं पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेलात पेरॉक्साइडं किती याचं माप, लिटरला 10 मिलिमोलपेक्षा कमी लागतं. विक्रेत्याकडे तो आकडा मागाच.

माझी एक बाटली बेळगावच्या एप्रिलात पत्र्याखालच्या माळ्यावर राहिली. झाकणाभोवती चिकट थर, आणि रानाच्या वासाऐवजी टर्पेंटाइनचा उग्र दर्प. सगळं तेल टाकून दिलं.

फरशी पुसायचं पाइन तेल वेगळं, ते अंगाला नको. आणि आपल्याकडच्या सुरूच्या सुया गोळा करू नका. सुरू सूचिपर्णी वृक्ष नाहीच, त्या सुया म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या.

नवं तेल घ्याल ते लहान, गडद बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. क्रीममध्ये मी 100 ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमच्या वर जात नाही.