चांगल्या दिवशी जरा जपून

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग मला दुखतंय ते खरं, की मनाचं?" फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखणं, थकवा आणि झोपूनही न भरणारी झोप असा आजार) झालेल्यांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. कुणाच्या घरी 'वात असेल' म्हणतात, कुणाच्या घरी 'कॅल्शियम कमी झालंय', आणि काही घरांत 'कामाचा कंटाळा' एवढं म्हणून विषय संपवतात. आज ज्या ताईंबद्दल लिहितेय, त्यांनी हा प्रश्न विचारलासुद्धा नाही. जाडजूड फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यात काहीतरी सापडू दे, एवढंच देवाकडे मागते."

(त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय 46, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरी नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारी दोन मुलं. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळंच ठणकायचं. सकाळी उठताना अंग आंबल्यासारखं. रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखी वाटायची नाही. वर्गात शिकवताना नेमका शब्द आठवायचा नाही आणि मुलं टकामका बघत बसायची. फाईलमध्ये ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर (सूज आणि संधिवात शोधणाऱ्या रक्ततपासण्या), थायरॉईड, मानेचा एमआरआय असं सगळं होतं. ड जीवनसत्त्व कमी निघालं होतं, ते भरून काढलं तरी दुखणं जागच्या जागी. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषधांबरोबर माझ्याकडेही पाठवलं. समुपदेशकाकडे पाठवलं म्हटल्यावर त्यांना वाटलं, झालं, डॉक्टरांनीही हात टेकले.

'काहीतरी सापडू दे' या मागण्यात मोठं दुःख आहे. काही सापडलं नाही तर आपण खोटे ठरतो, ही भीती त्यात असते. म्हणून पहिल्या भेटीत व्यायाम, ध्यान असलं काही मी काढलंच नाही. निदान कसं झालं, ते सांगितलं. 1990 साली ठरलेल्या निकषांत अंगावरच्या 18 ठरावीक जागा दाबून बघत, त्यातल्या किमान 11 दुखल्या पाहिजेत असा नियम होता. 2010 मध्ये निकष बदलले. आता अंगाच्या किती भागांत दुखतं, थकवा किती, झोपेने ताजंतवानं वाटतं का, विसरायला होतं का, हे विचारतात आणि त्रास किमान तीन महिने टिकलेला आहे ना ते बघतात. रक्त तपासायचं ते दुसरा कुठला आजार लपलेला नाही ना, एवढ्यासाठी. म्हणजे या आजारात पेशंट जे सांगतो तोच पुरावा. हे ऐकून ताई पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

त्यांचे यजमान मात्र पटवून घेणाऱ्यांतले नव्हते. "पण मॅडम, दुखायला कारण काय? मार नाही, सूज नाही." प्रश्न रास्त होता. त्यांना मी 2002 सालच्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचे स्कॅन काढले. निरोगी माणसाला जितकं दुखायला जेवढा दाब लागला, त्याच्या साधारण निम्म्या दाबातच फायब्रोमायल्जियाच्या पेशंटना तितकं दुखलं, आणि वेदनेशी संबंधित मेंदूचे भागही तसेच उजळले. सोंग करणाऱ्याचा स्कॅन असा येत नाही. बाळंतिणीला गाढ झोपेतही बाळाची नुसती चुळबुळ ऐकू येते. तसे या आजारात मेंदू आणि मज्जारज्जू शरीराकडून येणाऱ्या बारीकसारीक खबरांकडेही कान लावून बसलेले असतात. साध्या स्पर्शाची, ताणाची खबरही वेदना म्हणून पोचते.

"म्हणजे स्नायू खराब होत नाहीयेत?" ताईंनी विचारलं. नाही. सांधे झिजत नाहीत, वाकडे होत नाहीत, पुढे लुळेपणा येत नाही. दुखलं म्हणजे आत काहीतरी फाटलं, असं नसतं. पण दुखतंय म्हणून महिनोन्महिने न हललेले स्नायू अशक्त होतात, मग थोड्याशा कामानेही भरून येतात. हा दुसरा त्रास पहिल्यावर चढतो, आणि पेशंटला दोन्ही एकच वाटतात.

त्यांना मी एक वही करायला सांगितली. दुखण्याला दहापैकी किती गुण, असलं काही लिहायचं नाही. दिवसभरात काय केलं, तेवढंच लिहायचं. (गुण लिहायला लावले की माणूस दिवसभर दुखणंच चाचपत बसतो.) शिक्षिकाच त्या, वही नेटकी. दिवाळीआधीच्या एका शनिवारचं पान अजून डोळ्यांसमोर आहे. 'सकाळची शाळा. आज बरं वाटतंय. भाजणी दळून आणली. चकल्या. शंकरपाळ्या. माळा झाडला. पडदे धुतले.' पुढची पानं कोरी. मग एका पानावर एकच ओळ: 'केस विंचरता येत नाहीत.'

सोऱ्या दाबायला मनगटापासून खांद्यापर्यंत किती जोर लागतो, हे चकल्या करणारीलाच माहीत. ते पान त्यांच्यापुढे ठेवून विचारलं, "यातला वाईट दिवस कुठला?" त्यांनी कोऱ्या पानांवर बोट ठेवलं. मी शनिवारवर ठेवलं.

माझ्याकडे येणारे सगळे वाईट दिवशी काय करायचं ते विचारतात. माझं लक्ष चांगल्या दिवसावर असतं. बरं वाटलं की साचलेलं सगळं एका दमात उपसायचं, मग चार दिवस आडवं पडायचं, त्या चार दिवसांत पुन्हा काम साचतं, आणि पुढच्या चांगल्या दिवसावर त्याचा भार पडतो. हे चक्र मोडल्याशिवाय औषधालाही फारसा वाव मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ते मोडायला आम्ही कणकेपासून सुरुवात केली. "मळायला लागल्यापासून खांदा भरून यायला किती वेळ लागतो?" "दहा-बारा मिनिटं." मग हद्द सहा मिनिटांची. मोबाईलवर गजर लावायचा, वाजला की दुखत असो वा नसो, हात थांबवायचा. मग बसून भाजी निवडायची, वह्या तपासायच्या, म्हणजे दुसरे स्नायू लागतील असं काही. ताई उसळल्या, "सहा मिनिटांत पाच जणांच्या पोळ्या होतात का, मॅडम?" होत नाहीत. म्हणून पोळ्यांचा प्रश्न त्यांच्या खांद्यावरून उचलून घरापुढे ठेवावा लागला. कणीक मळायचं काम थोरल्या मुलाकडे गेलं. पहिले काही दिवस ती इतकी सैल व्हायची की लाटताना पोळपाटाला चिकटायची. सासूबाईंनी तोंडसुख घेतलं. मुलगा तेवढ्यात शिकला.

अवघड भाग वेगळाच होता. बरं वाटत असलं तरी हद्द तीच ठेवायची. "हात चालत असताना थांबायचं म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणाल्या. हे पाप कुठून येतं, त्यावर आमच्या कितीतरी भेटी गेल्या. बाईचं बरं असणं कामावरून मोजायचं, हे त्यांच्यात माहेरापासून मुरलेलं होतं.

चालण्याचंही तसंच. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, व्यायामाची. पण फायब्रोमायल्जियाच्या माणसाला 'रोज अर्धा तास चाला' सांगणं म्हणजे त्याला तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळवणं. ताईंनी शाळेच्या मैदानावर पाच मिनिटांनी सुरुवात केली आणि दर आठवड्याला एखाद मिनिट वाढवलं. सुरुवातीला थोडं जास्त दुखतं. ते दुखणं इजेचं नाही, हे आधीच सांगून ठेवलं की माणूस घाबरून सोडत नाही.

मध्येच त्यांनी गोळी बंद केली. कुणीतरी मोबाईलवर शोधून सांगितलं होतं की ड्युलोक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी आहे. "म्हणजे डॉक्टरांनाही मी वेडीच वाटते ना?" गोळी डिप्रेशनवरही देतात, हे खरं. पण मेंदूकडून मज्जारज्जूकडे वेदना दाबणारे जे संदेश उतरतात, ते सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवर चालतात, आणि ही गोळी त्याच रसायनांवर काम करते. अमेरिकेत 2008 पासून तिला फायब्रोमायल्जियासाठी वेगळी मान्यता आहे. उलट ज्या साध्या वेदनाशामक गोळ्या त्या मेडिकलमधून परस्पर आणून खात होत्या, त्या मुख्यतः सूज कमी करणाऱ्या. इथे सूजच नाही, त्यामुळे दुखणं राहतं आणि पित्त वाढतं. ड्युलोक्सेटिन एकदम सोडल्याने त्यांना चक्कर आणि मळमळ सुरू झाली होती. गोळी चालू ठेवायची की हळूहळू कमी करायची, ते डॉक्टरांनीच ठरवावं. मी फक्त त्यांना त्याच दिवशी फोन लावायला लावला.

झोपेबद्दल थोडक्यात. टोरांटोच्या हार्वी मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये दाखवलं की निरोगी माणसांची गाढ झोप रात्रीमागून रात्री मोडली, तर त्यांचंही अंग दुखायला लागतं. म्हणून सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ एकच आणि दुपारची लांब झोप बंद, एवढं आम्ही धरून ठेवलं.

यजमानांनाही एक काम दिलं. दिवसातून दहादा "आता कसं वाटतंय?" विचारणं बंद करायचं. त्याऐवजी संध्याकाळी एकदाच विचारायचं, "माझ्याकडे कुठलं काम देतेस?" ते बॅंकेतले, हिशेबी माणूस. महिनाभराने त्यांनीच वहीत शनिवारचे रकाने आखून दिले.

ताईंचं दुखणं गेलं का? नाही. पावसाळी हवेत अजून ठणकतं, परीक्षांच्या दिवसांत जास्तच. पण अंथरुणाला खिळून काढलेले दिवस वहीत क्वचितच दिसतात, आणि फळ्याशी त्या उंच स्टूल घेऊन बसतात. मुख्याध्यापकांना कारण सांगायला त्यांना महिने लागले.

तुमचंही असंच असेल, तर एक लक्षात ठेवा. निदान झालं म्हणून पुढचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यावर टाकू नका. एखादा सांधा सुजला, ताप राहिला, वजन घटत गेलं, हातापायांतली ताकद गेली किंवा बधिरपणा आला, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. आणि दुखण्यापायी जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर वाट बघू नका; सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर केव्हाही मिळते.

सध्या ताईंचा आणि माझा वाद मे महिन्यावरून चालू आहे. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, सगळं त्यांना सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात उरकायचंय, कारण 'तेव्हा बरं असतं'. पापड बचत गटाकडून घ्यायला त्या तयार झाल्या आहेत. कुरडयांवर अजून अडून बसल्या आहेत.